राजाच्या दोन बेडरूम

गेल्या दिवाळीनंतर आई-बाबा आमच्याकडे महिनाभर राहायला म्हणून आले आणि बाराव्या दिवशी परत गेले. भांडण वगैरे काही नाही. "कऱ्हाडला जरा कामं आहेत रे," एवढंच बाबा म्हणाले. बाबांना रिटायर होऊन सहा वर्षं झाली. त्यामुळे कामं कसली ते मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं.

कारण होतं आमचा सोफा.

ऑफ-व्हाइट रंगाचा, एल आकाराचा, जमिनीपासून जेमतेम १५ इंच उंच. दिसायला एकदम झकास. बाबा पहिल्या दिवशी त्यावर बसले ते मागे मागे जातच राहिले. उठायची वेळ आली तेव्हा धरायला काहीच नाही. सोफ्याला हात नाहीत आणि समोरचं टेबल काचेचं. शेवटी मी हात दिला. त्यानंतर बाबा त्या सोफ्यावर बसले नाहीत. ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनशेजारी एक प्लॅस्टिकची खुर्ची होती, तिथे पेपर वाचत बसायचे. आई किचनमधल्या स्टुलावर. आणि हॉलमध्ये संध्याकाळी कोव्ह लाइट लावून आम्ही दोघं. तक्रार कोणी केली नाही. तक्रार केली असती तर बरं झालं असतं.

यात आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. फ्लॅटचं पझेशन मिळालं तेव्हा बाबा म्हणाले होते, "आजोबांची आरामखुर्ची घेऊन जा, शिसवी आहे." मी म्हणालो होतो, "बाबा, थीममध्ये बसत नाही ती."

तर आता ती थीम कुठली ते सांगतो. आमच्या इंटिरिअर डिझायनरच्या प्रेझेंटेशनची पहिलीच स्लाइड होती व्हर्सायच्या राजवाड्यातल्या आरसेमहालाची. भिंतींवर मोल्डिंग, सोनेरी चौकटीचा मोठा आरसा, पांढरं फर्निचर. 'तसा फील' तो आम्हाला हिंजवडीत, साडेसहाशे स्क्वेअर फुटांत देणार होता. आणि दिलाही त्याने. आई-बाबांना बसमध्ये बसवून घरी आलो, त्या रिकाम्या सोफ्याकडे बघितलं आणि डोक्यात प्रश्न आला: त्या मूळच्या व्हर्सायमध्ये माणसं बसायची कुठे?

मग काय, पुढचे तीन वीकेंड वाचत बसलो. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहितोय.

*

गोष्ट सुरू होते १६२३ साली. फ्रान्सच्या तेराव्या लुईने पॅरिसपासून वीसेक किलोमीटरवर शिकारीला गेल्यावर राहण्यासाठी एक साधं घर बांधलं. त्याचा मुलगा चौदावा लुई. त्याने ते घर वाढवत वाढवत राजवाडा केला आणि ६ मे १६८२ ला अख्खा दरबार, सरकारसकट, उचलून तिथे नेला.

हा हट्ट निव्वळ हौसेचा नव्हता. लुई दहा वर्षांचा होता तेव्हा पॅरिसमध्ये बंड झालं होतं आणि १६४९ च्या जानेवारीत राजघराण्याला रात्रीच्या अंधारात शहर सोडून पळावं लागलं होतं. तो पॅरिस कधी विसरला नाही आणि सरदारांनाही कधी विसरला नाही. सरदार आपापल्या गढीत बसून फौज जमवणार, त्यापेक्षा इथे माझ्या डोळ्यांसमोर, कोण कुठे उभं राहणार यावरून एकमेकांशी भांडत बसू देत. व्हर्सायचा झगमगाट म्हणजे राज्य चालवायचं यंत्र होतं. हे आधी लक्षात घ्यायला हवं, नाहीतर पुढचं सगळं नुसता वेडेपणा वाटेल.

या यंत्राचा शोकेस म्हणजे आरसेमहाल. काम सुरू झालं १६७८ ला आणि संपलं १६८४ ला. लांबी ७३ मीटर. बागेच्या बाजूला १७ खिडक्या, समोरच्या भिंतीवर तेवढ्याच १७ कमानी, आणि त्या कमानींमध्ये ३५७ आरसे. तेव्हा चांगला आरसा म्हणजे व्हेनिसचा, आणि व्हेनिस ती कला जिवापाड जपत असे. राजाचा मंत्री कोलबेर याने मुरानो बेटावरचे कारागीर फोडून पॅरिसला आणले आणि १६६५ मध्ये सरकारी काच कारखाना काढला. (तीच कंपनी म्हणजे आजची सेंट गोबेन. तुमच्या ऑफिसच्या काचेवर कोपऱ्यात नाव बघा.) म्हणजे आरसेमहाल बघणाऱ्या प्रत्येक परदेशी वकिलाला न बोलता सांगितलं जात होतं की हे सगळं आता आमच्याकडेही बनतं.

महालात फर्निचर होतं चक्क चांदीचं. टेबलं, समया, संत्र्याच्या झाडांच्या कुंड्यासुद्धा. १६८९ मध्ये युद्धाला पैसे कमी पडले तेव्हा राजाने ते सगळं वितळवून नाणी पाडली. जवळजवळ २० टन चांदी निघाली. आमच्या डिझायनरने दिलेल्या एकाही वस्तूची अशी रीसेल व्हॅल्यू नाही.

पण बसायचं कुठे?

उत्तर सोपं आहे. बसायचंच नाही. राजासमोर हात असलेली खुर्ची फक्त राजाला आणि राणीला. डचेस असाल तर 'ताबुरे', म्हणजे पाठ नाही, हात नाहीत असं घडीचं किंवा साधं स्टूल. त्या स्टुलासाठी घराण्याघराण्यांत वर्षानुवर्षं राजकारण चालायचं. बाकीच्यांनी उभं राहायचं, तासन् तास. खुर्ची पाठीसाठी नव्हतीच, ती हुद्द्यासाठी होती. माझी आई आमच्याकडे बारा दिवस स्टुलावर बसली. व्हर्सायच्या हिशोबाने ती डचेस झाली. हे तिला सांगायची माझी अजून हिंमत झालेली नाही.

*

आता थंडी. मोठ्या खिडक्या, उंच छतं आणि एका रेषेत ठेवलेले दरवाजे. सगळे दरवाजे उघडले की या टोकापासून त्या टोकापर्यंत दालनांची रांग दिसली पाहिजे. दिसायला भव्यच, पण त्याच रेषेतून वाराही सुसाट जातो. शेकोट्या अवाढव्य, पण त्यांची बहुतेक ऊब धुराबरोबर वर निघून जायची. राजाच्या भावाची बायको लीझलोटे हिने १६९५ च्या हिवाळ्यात पत्रात लिहिलंय की राजाच्या जेवणाच्या टेबलावर पेल्यातली वाइन आणि पाणी गोठलं. आजूबाजूला सगळ्या युरोपातलं सगळ्यात महागडं इंटिरिअर, आणि मध्ये बर्फ!

राजाने जिच्याशी गुपचूप दुसरं लग्न केलं ती मादाम द मँतनाँ हिची तक्रार तर मला आमच्याच घरातली वाटली. तिचं म्हणणं असं की यांना भव्यपणा आणि दोन्ही बाजू सारख्या असणं एवढंच कळतं, समोरासमोर दरवाजे यावेत म्हणून सगळ्या फटींतला वारा अंगावर घ्यायचा. त्यात राजेसाहेबांना खिडक्या उघड्या आवडायच्या. शेवटी तिने स्वतःच्या खोलीत पडदे लावलेला एक लाकडी कोनाडा करून घेतला आणि त्यात बसू लागली. राजवाड्यात राहून खोलीच्या आत आणखी एक खोली.

जेवणाचं तेच. मुदपाकखाना रस्त्यापलीकडच्या वेगळ्या इमारतीत. तिथून ताटं मिरवणुकीने, शिपाई बरोबर घेऊन यायची. राजाच्या तोंडात घास जाईपर्यंत गार.

कारंज्यांचा किस्सा तर प्रत्येक प्रोग्रॅमरने वाचावा. सीन नदीचं पाणी वर चढवायला मार्ली इथे चौदा प्रचंड पाणचक्क्यांचं यंत्र बसवलं होतं, १६८४ मध्ये. तरीही सगळी कारंजी एका वेळी चालू ठेवण्याएवढं पाणी नव्हतं. मग उपाय काय? राजा बागेत फिरायला निघाला की माळ्याची माणसं शिट्टी वाजवायची. पुढचं कारंजं सुरू, मागचं बंद. राजाला आयुष्यभर वाटायचं की सगळी चालू आहेत (किंवा तो तसं दाखवायचा). याला आमच्याकडे लेझी लोडिंग म्हणतात. आम्हाला ते आपण शोधलं असं वाटतं.

म्हणजे एवढी मोठी सिस्टीम एका युजरसाठी ऑप्टिमाइझ केलेली, आणि तो युजरही आतून कंटाळलेला. कारण चौदाव्या लुईनेच दरबारापासून सुटका म्हणून मार्लीला एक लहान वाडा बांधला. मध्ये स्वतःचं घर, समोर पाहुण्यांसाठी बारा छोटी घरं. निवांत वीकेंड होम. झालं काय, तर मार्लीचं आमंत्रण हाच सर्वात मोठा मान ठरला. सरदार राजाला वाटेत गाठून "महाराज, मार्ली?" असं विचारू लागले. निवांतपणा जरा हाती लागला की त्याचीही मिरवणूक निघते.

१७०१ मध्ये राजाने आपली झोपायची खोली राजवाड्याच्या बरोबर मध्यावर आणली. तिथे रोज सकाळी उठण्याचा आणि रात्री निजण्याचा समारंभ व्हायचा. सदरा कोणी द्यायचा, मेणबत्ती कोणी धरायची, सगळं हुद्द्यानुसार. १ सप्टेंबर १७१५ ला तो त्याच खोलीत वारला.

*

त्याच्यामागून आला त्याचा पाच वर्षांचा पणतू, पंधरावा लुई. १७२२ मध्ये तो व्हर्सायला परत राहायला आला आणि काही वर्षं पणजोबांच्या त्याच गार खोलीत झोपला. १७३८ मध्ये मात्र त्याने सरळ पलीकडे एक लहान, उबदार बेडरूम करून घेतली.

आता पंचाईत बघा. उठण्याचा आणि निजण्याचा समारंभ बंद करता येत नव्हता. शेकडो लोकांचे मान, पगार आणि पेन्शनी त्यावर अवलंबून. जुना एपीआय बंद करायचा म्हटलं की क्लायंट बोंबलतात, तसंच. मग राजाने तेच केलं जे आपण करतो. जुनं तसंच ठेवलं आणि मागे नवीन बांधलं. सकाळी हा आपल्या छोट्या खोलीत उठायचा, नोकरांची झोप मोडू नये म्हणून कधीकधी शेकोटी स्वतःच पेटवायचा, मग गाऊन घालून पणजोबांच्या थंड खोलीत जायचा आणि तिथे 'उठायचा'. रात्री तिथे सगळ्यांसमोर निजायचा, लोक गेले की परत आपल्या खोलीत. फ्रान्सचा राजा रोज दोनदा उठत होता आणि दोनदा झोपत होता.

मला हे वाचून हसू आलं, आणि मग आलं नाही.

पंधराव्या लुईने या मागच्या बाजूला हळूहळू एक दुसरंच घर उभं केलं. कमी उंचीच्या लहान खोल्या, पुस्तकांची खोली, स्वतःच्या हाताने कॉफी करायची जागा, न्हाणीघरात दोन टब (एक अंग चोळायला, दुसरा स्वच्छ पाण्याने धुवायला). जागा कमी पडली तेव्हा १७५२ मध्ये त्याने पणजोबांचा सुप्रसिद्ध 'वकिलांचा जिना' पाडून टाकला. परदेशी वकिलांचे डोळे दिपावेत म्हणून रंगीत संगमरवरात बांधलेला जिना. त्याच्या जागी राहत्या खोल्या काढल्या. माझ्या मते त्या शतकातला हा फार मोठा निर्णय होता.

हे फक्त राजापुरतं नव्हतं. १७१३ मध्ये निकोला गोजे नावाच्या गृहस्थाने शेकोटीवर एक अख्खं पुस्तक लिहिलं. ऊब वाया का जाते, बाजूच्या भिंती वळवल्या तर ती खोलीत कशी परतते, मागून हवा खेळवून ती गरम कशी आणायची. शेकोटी ही बघायची वस्तू नाही, ते मशीन आहे असं धरून चाललेला इंजिनिअर! पॅरिसच्या नव्या घरांमध्ये शेकोट्या लहान झाल्या, खोल्या लहान झाल्या, खुर्चीत गादी आली, बाजू भरलेली 'बेर्जेर' खुर्ची आली, जिच्यात माणूस खरोखर टेकू शकतो.

आणि या सगळ्यात मला सापडलेली सर्वात कामाची गोष्ट म्हणजे खुर्च्यांचे दोन प्रकार. एक 'मब्लाँ', सपाट पाठीची, भिंतीच्या नक्षीला जुळवून केलेली. ती भिंतीला लागून ठेवायची, हलवायची नाही, ती खोलीच्या चित्राचा भाग. दुसरी 'कुराँ', म्हणजे चालती-फिरती. हलकी, बहुधा पाठीला बाक दिलेली. गप्पा मारायच्या तिथे ओढायची, शेकोटीजवळ न्यायची, त्यावर बसायचं. एकाच खोलीत दोन्ही. कुठली बघायची आणि कुठली बसायची याबद्दल कोणाच्या मनात गोंधळ नाही. आमच्या हॉलमध्ये सगळंच मब्लाँ होतं आणि आम्ही त्यावर बसायचा प्रयत्न करत होतो.

*

इथे थांबलो असतो तर 'आराम जिंकला' असं छान तात्पर्य निघालं असतं. पण पुढची पन्नास वर्षं तसं म्हणू देत नाहीत.

कारण राजा मागच्या खोल्यांमध्ये गेला तसा लोकांना दिसेनासा झाला. सोळाव्या लुईने १७७४ मध्ये राणी मारी आंत्वानेतला बागेतलं 'पती त्रियानाँ' हे छोटेखानी घर दिलं. तिथे ती सांगेल तोच येणार, मोठमोठे सरदारसुद्धा बाहेर. तिच्या एका खोलीत तर जमिनीतून वर सरकून खिडक्या झाकणारे आरसे बसवले होते. चौदाव्या लुईचे आरसे जगाने बघावं म्हणून होते, हिचे आरसे जगाला दिसू नये म्हणून. तिला बिचारीला थोडा वेळ माणसासारखं राहायचं होतं. पण जे दिसत नाही त्याच्याबद्दल लोक कल्पना करतात. राणीची सेविका मादाम कांपाँ हिने आठवणींत लिहिलंय की १७८९ मध्ये व्हर्सायला जमलेले काही लोकप्रतिनिधी ते घर बघायला आले आणि हिऱ्यांनी मढवलेली खोली कुठाय असं विचारत राहिले. तशी खोली नव्हतीच. नाटकाच्या सेटवरच्या काचांची अफवा होत होत हिऱ्यांची खोली झाली होती.

त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला पॅरिसच्या बायका भाकरीसाठी चालत व्हर्सायला आल्या. ६ तारखेच्या पहाटे जमाव आत घुसला, राणीच्या दालनापर्यंत पोचला. राणीची ती खोली म्हणजे सोनं, रेशीम, मोरपिसांचा पलंग, सगळं दिखाऊ. पण पलंगाशेजारी भिंतीवरच्या रेशमात बेमालूम दडवलेलं एक लहान दार होतं, मागच्या खाजगी खोल्यांकडे जाणारं. ती त्या दारातून पळाली आणि राजाच्या दालनात पोचली. त्या पहाटे तिचा जीव त्या दाराने वाचवला. त्याच दिवशी राजघराणं पॅरिसला नेलं गेलं आणि व्हर्सायला परत कधीच आलं नाही.

*

आता माझ्या हॉलकडे येतो.

ग्लॅमर आणि आराम यांचा 'बॅलन्स' साधा, असं सगळे सांगतात. म्हणजे साधारण काय, तर पांढराच सोफा, पण उशी जरा मऊ. व्हर्सायने शंभर वर्षांत असा बॅलन्स एकदाही साधला नाही. त्यांनी दोन घरं बांधली. समोर मिरवायचं, मागे राहायचं, मध्ये एक लपवलेलं दार. हे परवडायला दोन हजारांहून जास्त खोल्या लागतात. माझ्याकडे दोन आहेत आणि एक हॉल. मागचं घर बांधायला जागाच नाही. म्हणून आमच्याकडे मागचं घर म्हणजे ड्राय बाल्कनी झाली, आणि तिथे बाबा गेले.

मी हिशोब केला. फ्लॅटमध्ये राहायला आल्यापासून आठ महिन्यांत त्या सोफ्यावर पाहुणे बसले अकरा वेळा. त्यातले सात वेळा ऑफिसचे मित्र, जे आधीच्या भाड्याच्या घरी सतरंजीवरही बसायचे. बाकी सगळे दिवस आम्ही रोज कोणासाठी उठण्याचा समारंभ करत होतो?

डिझायनरचा यात काही दोष नाही. मीटिंगमध्ये 'वॉव फॅक्टर' हा शब्द मीच वापरला होता. तिथे किती जण राहणार असं त्याने विचारलं तेव्हा मी "दोघं" असं सांगितलं होतं. रोज रिक्वायरमेंट लिहिणारा माणूस मी, आणि स्वतःच्या घराच्या वेळी दोन युजर विसरलो.

सोफा काढला नाही. त्याचे हप्ते चालू आहेत आणि तो बायकोला मनापासून आवडतो, हेही खरं कारण आहे. काचेचं टेबल मात्र दिलं. गेल्या रविवारी गाडीच्या कॅरिअरवर चादर टाकून, दोरीने बांधून कऱ्हाडहून आरामखुर्ची आणली. बांधताना बाबा म्हणाले, "अरे कशाला नेतोस, तुमच्या हॉलला शोभायची नाही ती."

मी म्हटलं, "नाही शोभणार, बाबा."

आता ती सोनेरी आरशासमोर आहे. काळपट शिसवी, लांब हात, वेताची बैठक एका ठिकाणी उसवलेली. बसायची उंची मी टेपने मोजली, १७ इंच. हातावर जोर दिला की कोणाचीही मदत न घेता उठता येतं. आरशात ती दोनदा दिसते, आणि अगदी विजोड दिसते. बायको दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ऑफिसमधून आले तर ती लॅपटॉप मांडीवर घेऊन त्याच खुर्चीत बसली होती.

बाबांना फोन करून सांगितलं की खुर्ची लावली, आता या. म्हणाले, "बघू. इकडे जरा कामं आहेत."